चावून दिलेला घास

सोमवार, ४ मार्च

मी, ही वही लिहिणार, वय वर्षे बाहत्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (गणितात वर्गात दुसरा), मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात एकेचाळीस वर्षे नोकरी, पैकी शेवटची एकोणीस वर्षे मुकादम, विधुर, एका मुलीचा बाप, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहितो ते असे. माझे पाळण्यातले नाव दाखल्यावर आहे आणि तेथे ते सुखात आहे. जग मला मुकादम म्हणते व मी त्याला ओ देतो.

आज दुपारी साडेचार वाजता आम्ही आईकडे सुखरूप पोहोचलो. प्रवास दोन दिवसांचा, मोटारीने. मोटार मुलीची आणि चालवणारीही तीच. ती मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षिका असल्यामुळे तिच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक आहे. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत मी तो सात वेळा दाबला. आठव्या वेळी तिने गाडी कडेला घेतली आणि शांतपणे म्हणाली की बाबा, एक तर तुम्ही चालवा, नाही तर वर मांडी घालून बसा. मी मांडी घालून बसलो. वाटेत खाणावळींत मी माझ्याच पेल्यातून चहा घेतला, माझ्याच रुमालाला हात पुसले आणि चार ठिकाणची मुताऱ्या-मोऱ्यांची व्यवस्था पाहिली. तीन नापास. मुलगी म्हणाली, पुढच्या खेपेला तुम्हाला प्रमाणपत्रे छापून देते, दारांवर चिकटवत चला. तिचा स्वभाव तिच्या आईवर गेला आहे. ती हसली की गाडीच्या काचा हसतात.

नऊ वर्षांनी मी या घरात पाऊल ठेवले. नऊ वर्षांपूर्वी मी भावजयीला एवढेच म्हटले होते की तुझ्या स्वयंपाकघरातले फडके मी रुग्णालयात फरशीलाही लावू दिले नसते. त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखे नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो तो उठलोच. मागच्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. दादा, आई तुझी फार आठवण काढते, झाले गेले सोडून दे आणि ये, आणि येताना पोरीलाही घेऊन ये, असे तो म्हणाला. थोरल्याने मन मोठे ठेवावे. मी ठेवले.

घर दुसऱ्या मजल्यावर. खाली धाकट्याचे घड्याळ-दुरुस्तीचे दुकान, त्याची फळी सध्या बंद. वर तीन खोल्या : स्वयंपाकघर, मधली खोली, आणि रस्त्याच्या अंगाला आईची. धाकटा, भावजय आणि आमची अविवाहित बहीण असे तिघे दारात उभे होते. तिघेही वाळून खारीक झालेले. हसताना तिघांनीही तोंडावर हात धरला. मला वाटले, रीतभात शिकले.

आई मात्र, काय सांगू. चौऱ्याण्णव वर्षांची बाई हाडांची मोळी असेल असे मी मनाला बजावून आलो होतो. पाहतो तो गाल भरलेले, कातडी तुकतुकीत आणि पांढऱ्या केसांच्या मुळाशी काळी रेघ. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे ऊबदार आणि किंचित ओले होते. ओठ मिटून हसत ती म्हणाली, आलास, थोरल्या.

मी आनंदात आहे. एकच गोष्ट नोंदवून ठेवतो, घरात एक आंबूस वास आहे. ओला कपडा तीन दिवस बादलीत विसरला की येतो तो. मी खिडकी उघडली. भावजयीने ती लावून घेतली.

मंगळवार, ५ मार्च

स्वयंपाकघरात भिंतीवर एक तक्ता टांगलेला आहे. आठवड्याचे सात वार, प्रत्येक वाराला सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने, आणि रकान्यांत आळीपाळीने भाऊ, वहिनी, ताई. मी समजलो, भांडी घासण्याच्या पाळ्या. शिस्त पाहून मला बरे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. बहीण एकदम सिंककडे वळली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुपारी मुलगी टायरमध्ये हवा भरून आणायला गेली होती. आईला पाणी हवे असेल म्हणून मी पेला घेऊन तिच्या खोलीचे दार लोटले. जे पाहिले ते लिहिण्याची शिसारी येते, परंतु वही लिहायची तर पूर्ण लिहावी.

धाकटा आईसमोर स्टुलावर बसला होता. मांडीवर ताट, त्यात उकडलेले बटाटे, पाव आणि मांसाचे तुकडे. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळू लागला. चघळणेच ते, कारण त्याचे गाल आत-बाहेर होत होते आणि हनुवटी नाकाला टेकत होती. बराच वेळ गेला. मग त्याने तोंडातला लगदा आपल्या तळहातावर काढला. करडा, ओला, वाफाळता. आईने त्याचे मनगट धरले, तळहात तोंडाशी नेला आणि तो साफ केला. बोटांच्या बेचक्यांपर्यंत. त्याच्या ओठापासून हातापर्यंत एक लाळेची तार लोंबत होती, ती तुटली नाही. तिने ती जिभेवर गुंडाळून घेतली.

एकेचाळीस वर्षांत माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येऊ शकते ते सर्व माझ्या हाताखालून गेले आहे. मी कधी ओकारी काढली नाही. आज काढली, मोरीत. नंतर मोरी तीनदा धुतली.

मग मी तिघांना स्वयंपाकघरात उभे केले. धाकटा म्हणाला, कवळी करून आणली होती, आईने ती खिडकीतून रस्त्यावर फेकली. मी म्हटले, वाटायचे यंत्र मिळते बाजारात. तो म्हणाला, तेही आणले, आई म्हणाली यंत्राला माया नसते. भावजय तोंडावर पदर धरून म्हणाली की भावोजी, नऊ वर्षे फिरकला नाहीत आणि आता नाक मुरडायला बरे आलात, मुकादमकी तुमच्या रुग्णालयात, इथे नाही. बहीण हळूच म्हणाली, दादा, आईने आपल्याला असेच भरवले होते, लहानपणी, दात येईपर्यंत.

आई आतून ऐकत होती. कान तिचे उत्तम आहेत. ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांनी खाल्ले हो माझ्या तोंडचे. हा थोरला तेवढा थुंकून टाकायचा. दिला घास की थू, दिला घास की थू. आणि ती हसली. इतरही हसले, तोंडावर हात ठेवून.

मुलगी परतल्यावर तिने विचारले, बाबा, डोळे का लाल? मी साबण गेला असे सांगितले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

बुधवार, ६ मार्च

सकाळी उठून मी घरातले सर्व कपडे धुवायला काढले. भावजय आडवी आली. मी तिला बाजूला केले. आईच्या जेवणाचे रुमाल तेवीस निघाले.

डाग हा खोटे बोलत नाही. माणूस बोलतो. या रुमालांवरचे डाग मी उजेडात धरून पाहिले. कडा पिवळसर, मध्ये फिकट गुलाबी, आणि सुकल्यावर कापडाला येणारा तो पापुद्र्यासारखा ताठरपणा. हे लाळेत मिसळलेले हिरडीचे रक्त. काही डाग दीड वर्षाचे जुने, काही गेल्या महिन्यातले. मात्र आईच्या उशीवर एकही नाही. तिची उशी कोरी.

मी धाकट्याला म्हटले, तोंड उघड. नको दादा, नको दादा करीत राहिला. मी मुकादमाच्या आवाजात सांगितल्यावर उघडले. आत एकही दात नाही. नुसत्या गुळगुळीत, कोमट हिरड्या, आणि त्यांतून तो आंबूस वास. घरभर येतो तोच. बहिणीचेही तसेच. भावजयीचे दोन खुंट शिल्लक आहेत. धाकटा सहासष्टचा, बहीण त्रेसष्टची. या वयात दात पडतात, मान्य. पण दीड वर्षात सगळे, आणि तिघांचेही?

दुपारी मुलगी आईला ब्रेकची गोष्ट सांगत होती. बाबा मांडी घालून कसे बसले त्याची तिने नक्कल केली आणि आईला हसू आवरेना. तिने मान मागे टाकली. प्रथमच तोंड पूर्ण उघडले.

आत दात होते. वर, खाली, दाटीवाटीने. एका मापाचे नव्हते. एक लांब, शेजारी एक आखूड, एक पिवळा, एक चांदी भरलेला. आणि समोर, वरच्या ओळीत, एक दात कोपरा उडालेला.

तो कोपरा मी उडवला आहे. धाकटा सात वर्षांचा असताना हातपंपाचा दांडा माझ्या हातून सुटला आणि त्याच्या तोंडावर बसला. साठ वर्षे मी ती तिरपी कड पाहत आलो आहे. माझ्या भावाच्या तोंडात.

मी हात धुतले. साबणाची वडी संपेपर्यंत धुतले.

गुरुवार, ७ मार्च

आईला सरळ विचारले. दात आहेत तर इतरांनी का चावायचे? ती म्हणाली, अरे, नुसत्या अन्नाला का कुठे चव असते. त्याला कोणाचे तरी तोंड लागावे लागते. हे ती अशा सुरात म्हणाली की जणू मी अजून चौथीत आहे आणि सोपे गणित चुकलो आहे.

तेवढ्यात मुलगी आत आली. आईने तिला जवळ बसवले, हनुवटी धरली, अंगठ्याने ओठ वर केला आणि बोट आतून फिरवू लागली. एकेका दातावर थांबत, दाबून पाहत, बाजारात जनावराचे पाहतात तसे. मुलगी हसत होती. आजी, गुदगुल्या होतात हो. आईने बोट बाहेर काढले, ओलेच आपल्या तोंडात घातले आणि म्हणाली, एकतीस. चांगले आहेत.

मी स्वयंपाकघरात गेलो. तक्त्यावर शनिवारच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते : नात.

मी ते खोडले. भावजयीने माझ्या देखत पुन्हा लिहिले. रागाने नव्हे, हिशेबनिसाने लिहावे तसे. म्हणाली, आमची तोंडे संपली भावोजी, बटाटासुद्धा चावत नाही आता. आई उपाशी राहिली तर आम्ही कोणीच राहणार नाही, ते तुम्हाला कळेल सावकाश. कोणी तरी ताजे हवे. पोर नको असेल तर तुम्ही आहातच की, बत्तीशी दाखवीत फिरता.

मी म्हटले, मी चावतो. एका अटीवर. मुलगी उद्या सकाळी निघेल, तिला यातले अक्षर कळणार नाही आणि ती या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिघांच्याही चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला त्या दुपारच्या लगद्यापेक्षाही त्याची किळस आली.

संध्याकाळी सहा वाजता मुलीला मी दुकानातून साबण आणायला पाठवले. कोपरापर्यंत हात धुतले. कढत मिठाच्या पाण्याने सात चुळा भरल्या. मग मांसाचा तुकडा आणि पाव तोंडात घेतला आणि चावला, व्यवस्थित, एकही धागा न ठेवता. काम वाईट असले तरी ते वाईट करायचे नाही. चमचा पुढे केला. आईने तो बाजूला सारला. तळहातावर दे, म्हणाली.

तिची जीभ खरखरीत आहे आणि गरम. तिने तळहाताच्या रेषांतून ती फिरवली. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहत होतो. मग तिने गिळले.

आणि माझ्या तोंडात, रिकाम्या तोंडात, मांसाची चव आली. आयुष्यात कधी आली नव्हती इतकी.

आई म्हणाली, या वेळी थुंकला नाहीस.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी आठ वाजता मुलगी निघाली. मी का राहतो असे तिने विचारले. आईची इच्छा आहे, असे सांगितले. ती म्हणाली, पंधरा दिवसांनी न्यायला येते. मी म्हटले, येऊ नकोस, मी बसने येईन. फार तोडून बोललो. ती म्हणाली, बरे, आता वाटेत ब्रेक कोण दाबणार. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी फुटपाथवर उभा होतो.

तिला खरे कारण सांगायला हवे होते. मी स्वतःला म्हणतो की तिच्या भल्यासाठी लपवले. ते तितके खरे नाही. माझ्या रक्ताची माणसे काय करतात आणि काल मी काय केले, हे तिच्या कानावर घालण्याची मला लाज वाटली. एकेचाळीस वर्षे मी लोकांची घाण धुतली. स्वतःची दाखवता आली नाही.

असो. ती गेली. तेवढे साधले.

रविवार, १० मार्च

माझ्या स्वतःच्या ताटातल्या अन्नाला चव नाही. ओला टीपकागद चावावा तसे. आज सकाळी पावाचे सहा तुकडे खाल्ले, पोटात खड्डा तसाच. दुपारी आईला भरवले, तिने गिळले आणि माझे पोट भरले. ढेकर आला. मला.

धाकट्याने समजावून सांगितले. चावले कोणीही, एकदा या पाळीत आलेल्या सगळ्यांचे पोट आईने गिळल्यावरच भरते. तो मध्यंतरी कामानिमित्त परगावी गेला होता, तीन दिवस ताटेच्या ताटे रिचवली आणि चौथ्या दिवशी भुकेने रस्त्यात कोसळला. म्हणून ते कुठे जात नाहीत. म्हणून दुकान बंद.

मी विचारले, मग आईला थोडे जास्त का भरवत नाही, म्हणजे तुम्ही असे वाळणार नाही. तो हसला, तोंडावर हात न धरता. हिरड्यांनी किती चावणार दादा.

शरमेने लिहितो : साडेपाच वाजल्यापासून मी घड्याळाकडे पाहत होतो.

मंगळवार, १२ मार्च

पावात खट् झाले. माझी उजवीकडची दाढ. दुखले नाही, रक्त जेमतेम. मी ती धुऊन रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. संध्याकाळी रुमालाची गाठ तशीच होती. आत काही नव्हते.

आई सारखी जिभेने उजवा गाल चाचपत होती. नवी चप्पल घातलेले मूल पायाकडे पाहते तसा चेहरा.

भावजयीने मला पाट सरकवून दिला. नऊ वर्षांत प्रथमच गोड बोलली. म्हणाली, आता झालात घरचे.

गुरुवार, १४ मार्च

अकरा दात गेले; तीन तोंडांचे काम मी एकटा करतो. दाढी करताना आरशात गाल आत गेलेले दिसतात. बोलताना थुंकी उडते, पुसावी लागते. घरातल्या वासाबद्दल लिहिणार होतो, परंतु आता तो येत नाही. तो गेला आहे किंवा माझाच —

आज भरवल्यानंतर हात धुतले नाहीत. लक्षात आले तेव्हा तास झाला होता. तळहात चिकट होता. मी तो —

नाही, ते लिहिणार नाही.

शनिवार, १६ मार्च

मुलीला फोन केला. येऊ नकोस, कधीच येऊ नकोस, एवढेच सांगायचे होते. पण तोंडातून शब्द निघाला नाही, नुसता ओला फुसफुसाट. शेवटचे चार काल पडले; हिरड्यांनी बोलायची इतरांसारखी सवय मला अजून नाही. ती ओरडत होती, बाबा, नीट बोला, बाबा तोंड वाकडे झाले का, झटका आला का. मी पुन्हा पुन्हा सांगितले. दातांच्या कण्या करायला दातही नव्हते.

मी कागदावर लिहिले, तिला सांग मी बरा आहे, येऊ नको. धाकट्याला दिला आणि फोनही दिला. त्याने कागद वाचला. चार घड्या घालून खिशात टाकला. आणि फोनवर म्हणाला, ये गं बाई, निघच, वडिलांची तब्येत ठीक नाही, सारखे तुझे नाव घेतात.

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याने मला सहज धरले आणि खुर्चीत बसवले. रागावू नकोस दादा, म्हणाला. तूच सांग, आता कोण चावणार? तू?

दिलेला शब्द मोडलास, असे मी लिहून दाखवले. तो म्हणाला, शब्दाने पोट भरते का.

रविवार, १७ मार्च

आईने काल रात्रीपासून काही घेतले नाही. मी हिरड्यांनी चावून पाहिले. तिने तळहात हुंगला आणि तोंड फिरवले. गोळे राहतात, म्हणाली. चव गेली तुझी.

पाचही जणांची भूक माझ्या एकट्याच्या पोटात आहे असे वाटते. धाकटा भिंतीला टेकून बसला आहे. बहीण टेबलाची कड चोखते. तिच्या हनुवटीवरून ओघळ — पुसत नाही. मी पुसले नाही.

मुलगी काल निघाली असेल तर उद्या दुपारी पोहोचेल. या वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे : वर येऊ नकोस. गाडी वळव. बाप बरा आहे. सकाळपासून खालच्या पायरीवर हे पान धरून बसेन. तिला रस्त्यातच दिसेल. मग त्यांनी काही करावे.

सोमवार, १८ मार्च

सात वाजल्यापासून पायरीवर. पान गुडघ्यावर. गाड्या — तिची निळी नाही.

दहा. नाही.

साडेअकरा. अक्षर वाईट, क्षमा असावी.

बारा. वरून ताटाचा आवाज. मांस शिजल्याचा वास जिन्यात. कोण चावणार? कोणी नाही. तरी — कदाचित भावजयीचे दोन खुंट — कदाचित आईने आज —

जाणार नाही.

पाच मिनिटे. पाहून येतो. एक घास गिळला असेल तर तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत बसता येईल. लगेच खाली —

एक वाजून दहा.

ताट तसेच होते. कोणी चावले नव्हते. ते सगळे दाराकडे पाहत बसले होते. मीही बसलो. उठायला हवे होते. पाय — नाही, पाय ठीक होते. मी वास घेत बसलो.

मग जिन्यावर पावले. दोन दोन पायऱ्या. ती लहानपणापासून तशीच चढते.

ती मला बिलगली. माझे तोंड दोन्ही हातांत धरून रडली. बाबा, हे काय झाले तुमचे. बहीण म्हणाली, आजी जेवली की बाबा बरे होतात बघ, पण आजीला भरवायला कोणाच्या तोंडात दात नाहीत. एकच घास चावून दे, बाबांसाठी. तिला पटले नाही. तिला किळस आली, मी पाहिले, माझीच मुलगी. तिने माझ्याकडे पाहिले. बाबा, खरे का हे?

वही माझ्या हातात होती. शेवटचे पान उघडायचे होते. एवढेच.

मी मान हलवली. हो म्हणून.

निवेदन पुरे करतो. वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला. त्या वेळी हजर असलेले साक्षीदार :

धाकटा भाऊ, हजर.

भावजय, हजर.

बहीण, हजर.

आई, हजर. जेवते आहे.

मुलगी हजर नाही. तिची गाडी खाली उभी आहे, पण ती हजर नाही, असे मी लिहितो. माझे पोट भरत आले आहे. चव फार — ती आली नाही. ती परत गेली. तिने मध्येच तोंडावर हात धरला आणि तळहाताकडे पाहिले, आणि आई म्हणाली, थांबू नकोस, आणि मी, तिचा बाप, मीही फुसफुसलो की थां